डॉक्टरांची रॅकूनवही

डॉक्टर नरेंद्र पिंपळखरे यांनी उभ्या आयुष्यात कुणाचा जीव घेतला नव्हता. पस्तीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी माणसांना भूल दिली आणि सगळ्यांना वेळेवर जागं केलं. हा त्यांचा अभिमान होता आणि कुणी विचारलं नाही तरी ते तो सांगत. त्यामुळे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, शेपटीवर पट्टे आणि डोळ्यांभोवती काळे डाग असलेल्या एका केसाळ जनावराचा गळा आवळावा असं त्यांना मनापासून वाटू लागलं, तेव्हा त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

घर त्यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेतच घेतलं होतं. अ‍ॅशबर्नपासून पश्चिमेला चाळीस मिनिटं गाडी हाकली की डेटा सेंटरच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारती संपतात, घोड्यांची कुंपणं लागतात, आणि मग एका खडीच्या रस्त्याच्या टोकाला हे घर. पाच एकर जागा, मागे ओकचं रान, रानाच्या कडेनं ओढा. सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याला हाक मारली तर ती त्याच्यापर्यंत पोचणार नाही. अ‍ॅशबर्नमधल्या मित्रमंडळींनी नाकं मुरडली, 'ग्रोसरीला चाळीस मिनिटं ड्राइव्ह म्हणजे काय यार,' असं म्हणून झालं, पण डॉक्टरांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी बायकोला एक जुना शब्द दिला होता. पस्तीस वर्षं ताट वाढलं की हॉस्पिटलचा फोन यायचा आणि प्रतिमाबाई एकट्या जेवायच्या. 'एकदा रिटायर होऊ दे, मग दोन्ही वेळा तुझ्यासमोर बसून जेवीन, मधे कुणी येणार नाही,' असं ते गाडीची किल्ली उचलताना दर वेळी म्हणायचे. गेली सात वर्षं ते हा शब्द पाळत होते. सकाळी फिरणं, बारा वाजता जेवण, एक ते तीन वामकुक्षी, सात वाजता पुन्हा जेवण, आणि मधे खरोखरच कुणी नाही. डॉक्टरांना आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं, आणि ते जातंय की काय अशी धास्ती त्यांना त्या पट्टेरी शेपटीच्या जनावरांनी, रॅकूनांनी घातली.

म्हणजे घातली रॅकूनांनी, पण तिला धार लावली नीनानं. नीना त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा जन्म इथलाच. अ‍ॅशबर्नमध्ये नोकरी, तिथेच घर. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी ती म्हणायची, "बाबा, दिस इज नॉट सस्टेनेबल. रूफवर चढायचं वय आहे का तुमचं? माझ्या बाजूचं टाउनहाउस फॉर सेल आहे. जस्ट मूव्ह." घरात काही मोडलं की ते नीनाच्या बाजूनं साक्ष देई. म्हणून डॉक्टर मोडलेलं सांगत नसत. त्यांनी प्रतिमाबाईंनाही बजावून ठेवलं होतं, "तिला रॅकूनचं बोलू नकोस." प्रतिमाबाई म्हणायच्या, "मी कशाला बोलतेय. मला कुठे जायचंय इथून?"

सुरुवात मार्चमध्ये झाली. आधी कचऱ्याच्या डब्याचं झाकण. डॉक्टरांनी त्यावर वीट ठेवली. सकाळी वीट खाली आणि झाकण बाजूला, दोन्ही नीट ठेवलेली. मग त्यांनी लवचिक दोरीचे आकडे आणून झाकण आवळलं. रॅकूनाला माणसासारखी बोटं असतात हे त्यांना तेव्हा कळलं. एप्रिलमध्ये पक्ष्यांना दाणे घालायची टांगती नळी गेली. मे महिन्यात छपराच्या कडेची फळी उचकटून कुणीतरी माळ्यावर मुक्काम ठोकला आणि कापसासारखं ते गुलाबी इन्सुलेशन ओढून बाहेर लोंबवलं. जूनमध्ये मका. कणसं भरली, दाण्यात दूध आलं, उद्या काढू म्हणून डॉक्टर झोपले आणि सकाळी ताटं आडवी. रॅकूनांनी प्रत्येक कणसाला एकेक चावा घेऊन पसंत-नापसंत ठरवलं होतं.

डॉक्टर इरेला पेटले. रेडिओ लावून ठेवला, हालचाल दिसली की पेटणारे दिवे बसवले, अमोनियात बुडवलेली फडकी टांगली. शेवटी घरातलं लवंगी मिरचीचं तिखट सगळ्या परसात फेकलं. रॅकून दोनदा शिंकला आणि पुढे गेला. डॉक्टरांना मात्र संध्याकाळपर्यंत डोळे चोळावे लागले.

आणि ते नोंद ठेवत होते. भूल दिलेल्या माणसाची नाडी दर पाच मिनिटांनी टिपण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. तिला निवृत्तीनंतर काही कामच उरलं नव्हतं. त्यांनी एक निळ्या पुठ्ठ्याची वही केली. तारीख, वेळ, किती रॅकून, कुठे, काय नुकसान. अक्षर डॉक्टरी असूनही वाचता येईल असं. प्रतिमाबाई ती वही पाहून हसत. "एवढं लक्ष माझ्याकडे दिलंत तर मी आणखी दोन वर्षं जास्त जगेन," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि डॉक्टरांनाही हसू आलं.

जुलैत ही मंडळी भरदिवसा येऊ लागली. रॅकून रात्रीचा प्राणी, हे डॉक्टरांनी वाचलं होतं. पण दुपारची झोप काढून ते खिडकीशी येत, तर मागच्या शेडच्या बाजूनं दोन-तीन रॅकून पोट सांभाळत ओढ्याकडे निघालेले असत. कधी रात्री टीव्ही बघून आल्यावर, नऊच्या सुमाराला. डॉक्टरांनी वहीत 'दिवसा. रेबीज?' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग त्यांनी अमरावतीचा उपाय काढला. लहानपणी घरात उंदीर सापडला की पिंजरा सायकलला लटकवून उंदीर गावाबाहेर, दुसऱ्यांच्या वस्तीजवळ सोडून यायचा, हे काम त्यांच्याकडे असे. मारण्याचं पाप नको आणि घरात तर नकोच, असा तो सगळ्या गल्लीला मान्य असलेला तोडगा. ती वस्ती आपले उंदीर यांच्या गल्लीत आणून सोडत असणार, हा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. डॉक्टरांनी दुकानातून भला मोठा पिंजरा आणला, त्यात सार्डिनचा डबा ठेवावा असं लिहिलं होतं, पण घरात मासे येत नसत म्हणून शेंगदाण्याची चिक्की ठेवली. चिक्कीला एक मोठा रॅकून सापडला. त्याला गाडीच्या डिकीत घालून डॉक्टरांनी बारा मैलांवर नदीकाठी सोडला आणि विजयी मुद्रेनं घरी आले. त्या दिवशी वहीत त्यांनी 'एक कमी' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी चार आले.

शेवटी हात टेकून त्यांनी रॉयला फोन केला. रॉय त्या भागात पिढ्यानपिढ्या राहणारा, साठीचा, सडपातळ माणूस. उपद्रवी जनावरं धरून नेण्याचा परवाना असलेला. तो आला, त्यानं टोपी मागे सारून डॉक्टरांची नदीकाठची मोहीम शांतपणे ऐकून घेतली, आणि संथ इंग्रजीत म्हणाला, "हे आणखी कुणाला सांगू नका, डॉक. या राज्यात धरलेलं जनावर दुसरीकडे नेऊन सोडणं गुन्हा आहे. इथेच सोडायचं, नाहीतर मारायचं. तिसरा रस्ता नाही."

डॉक्टर जरा ओशाळले. मग त्यांनी वही पुढे केली. रॉयनं पानं उलटली. "आजारी जनावर असं रोज ठरल्या वेळी येत नाही," तो म्हणाला. "ही दुपारी तीनला खाऊन परत निघतात आणि मग रात्री नऊला. जेवायच्या वेळा आहेत या. तुम्ही यांना खाऊ घालता का?"

"मी?" डॉक्टरांना राग आला. "माझा मका यांनी खाल्ला."

रॉयनं वही परत दिली. तो शेडच्या मागे गेला. तिकडे एक सपाट मोठा दगड होता, घरातून न दिसणारा. त्याच्या कडेला गवतातून त्यानं हातमोजा घातलेल्या बोटांनी काहीतरी उचललं आणि विचारलं, "हे काय आहे? टॉर्टिया?"

घडीच्या पोळीचा पदर डॉक्टरांनी दहा हातांवरून ओळखला असता.

प्रतिमाबाई स्वयंपाकघरात पोळपाट धूत होत्या. डॉक्टर दारात उभे राहिले. "प्रतिमा, मागे दगडावर पोळ्या तू टाकतेस?"

प्रतिमाबाईंनी नळ बंद केला. "उरलेली असते एखादी," त्या म्हणाल्या. "अन्न ट्रॅशमध्ये टाकवत नाही हो माझ्याच्यानं. कुठल्यातरी जिवाच्या पोटात जातंय, जाऊ दे."

हे डॉक्टरांना लगेच पटलं. फार लगेच पटलं, असं नंतर त्यांचं त्यांनाच वाटलं. प्रतिमाबाईंचं माहेर कोल्हापूरकडचं. तिथे शिळं गाईला, खरकटं कुत्र्याला, काही नाही तर कावळ्याला, पण अन्न उकिरड्यावर गेलं असं कधी झालं नव्हतं. अमेरिकेत सेहेचाळीस वर्षं काढूनही भात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फेकताना त्यांचा हात अडायचा. अ‍ॅशबर्नकडच्या ओळखीतल्या कितीतरी बायका अजून पोळीचा तुकडा 'बर्ड्ससाठी' म्हणून डेकवर ठेवतात. डॉक्टरांनी तरी आवाज चढवलाच. "अगं, जंतू असतात त्यांच्या विष्ठेत. रेबीज असतो. सहा महिने मी वेड्यासारखा दिवे लावत फिरतोय आणि तू इकडे पंगती उठवतेयस?"

"पुन्हा नाही टाकणार," प्रतिमाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. बोलणी खाल्ल्यामुळे उतरला असेल असं डॉक्टरांना वाटलं आणि त्यांना थोडं वाईटही वाटलं. वहीत त्यांनी लिहिलं: 'कारण सापडलं.'

पण रॅकून यायचे थांबले नाहीत. रॉयला फोन केला तर तो म्हणाला, एकदा चटक लागली की जात नाहीत. पिंजरे लावावे लागतील आणि नेलेले परत येणार नाहीत. "गोड करून सांगत नाही, डॉक. नेतो म्हणजे मारतो."

रात्री जेवताना डॉक्टरांनी हे प्रतिमाबाईंना सांगितलं. त्यांनी आमटीत पोळी बुडवली. "मारायलाच हवं का?"

"मग नीनाच्या शेजारी राहायला जाऊ या का? तिनं माळा पाहिला तर दुसऱ्या दिवशी 'फॉर सेल'चा बोर्ड लावील घरावर."

"नको," प्रतिमाबाई पटकन म्हणाल्या. "नवीन घर नको आता. इथे कुठली वस्तू कुठे आहे ते हाताला माहीत आहे माझ्या."

डॉक्टरांना हे बोलणं फार आवडलं. त्यांनी तिसरी पोळी मागून घेतली. घर वाचवायचं असेल तर मन घट्ट करायला हवं, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं.

रॉयनं ऑगस्टच्या अखेरीला चार पिंजरे लावले आणि नऊ दिवसांत सात रॅकून नेले. शेवटची एक मादी होती. सकाळी डॉक्टर पिंजऱ्याजवळ गेले तेव्हा ती कोपऱ्यात बसली होती आणि तिनं दोन्ही हातांची बोटं जाळीतून बाहेर काढली होती. चावायला नाही, नुसती काढली होती. डॉक्टरांना ती बोटं बघवेनात. ज्यांना भूल चढायच्या आधी कुणाचा तरी हात धरायचा असतो, अशी माणसं त्यांनी हजारांनी पाहिली होती आणि त्या प्रत्येकाचा हात धरला होता. इथे त्यांनी हात खिशात घातले आणि ते घरात निघून आले. रॉयच्या पिकअपवर ताडपत्री ओढल्याचा आवाज येईपर्यंत ते बाथरूममध्ये नळ सोडून उभे होते. आपण आज नीच काम केलं, असं त्यांना स्पष्ट वाटलं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग मात्र शांतता झाली. वहीत तीन दिवस काही लिहायला नव्हतं. रविवारी नीनाचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी आपण होऊन रॅकूनची सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "प्रॉब्लेम सॉल्व्ह केला. संपलं." नीना हसली. "ओके, बाबा. यू विन." प्रतिमाबाई शेजारी बसून भेंडी चिरत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्यांचं लक्ष नसेल.

मंगळवारी दुपारी कानातली यंत्रं काढून आडवं होऊनही डॉक्टरांना झोप लागली नाही. खिडकी उघडी होती आणि वाऱ्याबरोबर कसला तरी आंबूस वास येत होता. कुठेतरी उंदीर मेला असावा म्हणून ते काठी घेऊन बाहेर पडले आणि वासाच्या मागानं शेडच्या पलीकडे गेले.

दगड दिसत नव्हता. दगडावर अन्न होतं. माश्यांचा थवा काठीनं उठवल्यावर डॉक्टरांना ते नीट दिसलं. पोळीचा तुकडा नाही, उरलंसुरलं नाही. पातेलं उपडं केल्यावर भात जसा पातेल्याच्या आकारात उभा राहतो, तसे भाताचे ढीग, एकाशेजारी एक. काही बुरसलेले, काही पिवळे पडलेले, आणि अगदी अलीकडचा एक, ज्यातून अजून वाफ निघत होती. त्याच्याशेजारी गवारीची भाजी, ओल्या खोबऱ्याची, जिरं घातलेली. तीन पोळ्या, चार घड्या केलेल्या, तूप लावलेल्या.

गवार त्यांनी आज बारा वाजता खाल्ली होती. भाजी संपत आली तेव्हा कढई पुढ्यात ओढून पोळीनं पुसून खाल्ली होती. भाताचं शीतही उरलं नव्हतं. प्रतिमाबाईंनी भांडी धुऊन रॅकवर पालथी घातलेली त्यांनी स्वतः पाहिली आणि मगच ते झोपायला गेले. मग ही गवार कुठून आली? काल वांगी होती. हे काळं पडलेलं वांगंच होतं. शनिवारचं मुगाचं वरण. रविवारची भेंडी. जे जे त्यांनी या पाच दिवसांत खाल्लं होतं ते सगळं इथे पुन्हा एकदा, अख्खं, दोन माणसांचं, वाढलेलं होतं.

डॉक्टरांनी काठी खाली ठेवली. ते शेडला टेकून गवतातच बसले. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते शेवटी डॉक्टर होते. ते झोपले की प्रतिमाबाईंना जेवण झाल्याचं आठवत नव्हतं. त्या पुन्हा भाजी चिरत होत्या, पुन्हा कणीक मळत होत्या, आणि सगळं तयार झाल्यावर, ताटं घ्यायला रॅककडे वळल्यावर, ती ओली ताटं पाहून त्यांना कळत होतं. मग त्या पातेलं पदराखाली धरून इथे येत होत्या, कारण कचरा बाहेर नेण्याचं काम डॉक्टरांचं होतं आणि त्यांना दिसलं असतं. इतके महिने रॅकून ते फस्त करत होते. दगड चाटून साफ ठेवत होते. गेले पाच दिवस मात्र त्या रोज इथे येत होत्या आणि कालचं तसंच पडलेलं पाहत होत्या. पाहून परत जात होत्या आणि डॉक्टरांसमोर बसून भेंडी चिरत होत्या.

घरात येऊन त्यांनी वही उघडली. मार्चमध्ये दोन नोंदी. एप्रिलमध्ये पाच. मे महिन्यात नऊ. जुलैपासून रोज, आणि ऑगस्टमध्ये दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, वेळेसकट. पस्तीस वर्षांत त्यांनी इतक्या बारकाईनं कुणाचा आजार टिपला नव्हता. तूरडाळीची पिशवी पंधरवड्यात संपत होती तेव्हा ते किडे झाले असतील म्हणाले होते. गॅसची टाकी भरायला माणूस दीड महिना आधी आला, तेव्हा त्यांनी कंपनीला फोन करून वाद घातला होता. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि त्यांचे डोळे रॅकूनवर होते.

काय करता येईल, याचा ते विचार करू लागले. थायरॉइड बघायचं, बी-ट्वेल्व्ह बघायचं, मेंदूचा एमआरआय करायचा. एखादं साधं कारण निघेल. निघतं कधी कधी. हे सगळं मोजून झालं आणि पुढे काही सुचेना. औषधं कोणती देतात आणि ती किती थोडं करतात, हे त्यांना माहीत होतं. नीनाला फोन लावायला म्हणून त्यांनी मोबाइल उचलला आणि खाली ठेवला. नीना रडेल, आणि मग टाउनहाउसचं बोलेल, आणि या वेळी ती बरोबर असेल. शेवटी ते फावडं घेऊन शेडमागे गेले, खड्डा खणून सगळं पुरलं आणि दगडावर दोन बादल्या पाणी ओतलं. हे आपण कुणासाठी लपवतोय, ते त्यांना सांगता आलं नसतं.

सात वाजता जेवण झालं. डॉक्टर रोज जेवण झालं की कानातली यंत्रं काढून तळघरात टीव्हीपुढे जाऊन बसत. आज ते गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराचं दार दिसेल अशा खुर्चीत, पेपर उलटा-सुलटा करत बसले. प्रतिमाबाईंनी भांडी धुतली, ओटा पुसला, दिवा मालवला. त्या येऊन सोफ्यावर बसल्या, दहा मिनिटं कसलंतरी मासिक चाळलं, आणि घड्याळाकडे पाहून उठल्या. "अगं बाई, आठ वाजले," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दिवा लागला. कुकर ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग सुरी, पोळपाट, फोडणीत मोहरी. डॉक्टरांना उठून जाऊन तो गॅस बंद करावासा वाटत होता आणि त्यांच्यानं उठवत नव्हतं. प्रत्येक आवाजाला ते नुसते पेपर घट्ट धरत होते. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. पोळ्यांचा खरपूस वास आला.

"अहो, चला. पानं घेते," प्रतिमाबाईंनी हाक मारली. इतक्या महिन्यांत हाक मारायची वेळ आली नव्हती. डॉक्टर तळघरात असत आणि त्याआधीच प्रतिमाबाईंना ती ओली ताटं दिसत. आज रॅककडे वळायच्या आधीच त्यांना डॉक्टर खुर्चीत दिसले होते.

डॉक्टर जाऊन टेबलाशी बसले. प्रतिमाबाई ताटं घ्यायला रॅककडे वळल्या. दोन ताटं, दोन वाट्या, पातेलं, कढई. सगळं पालथं घातलेलं. त्यांनी एका ताटाला बोट लावलं. बोट ओलं झालं. त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"आपलं जेवण झालंय का हो?"

पस्तीस वर्षांत डॉक्टरांनी ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला खोटं सांगितलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "वाढ. भूक लागलीय."

प्रतिमाबाई वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या चिडल्या होत्या. इतक्या चिडलेल्या त्यांना डॉक्टरांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "संध्याकाळी मागे जाऊन आले मी. दगड कुणी धुतला, ते कळत नाही का मला?" त्या म्हणाल्या. "मला असं सांभाळून घेऊ नका. मला आठवलं नाही तर मी तुम्हालाच विचारणार ना? तुम्ही खोटं सांगायला लागलात तर मी कुणाला विचारू?"

डॉक्टरांच्या तोंडाशी तपासण्यांची सगळी नावं आली होती. त्यांनी ती गिळली. "झालंय," ते म्हणाले. "सात वाजता. तू, मी, इथेच बसून."

"काय केलं होतं मी?"

"हेच. तोंडल्याची भाजी."

प्रतिमाबाईंनी गॅसवरच्या कढईकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. मग त्या त्यांच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. राग गेला होता. आता त्या नुसत्या बघत होत्या, एखादी गोष्ट खरंच माहीत करून घ्यायची असावी तसं.

"कशी झाली होती?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. जेवताना ते प्रतिमाबाईंच्या हातांकडे पाहत होते, चेहऱ्याकडे पाहत होते, आता आठ वाजता काय होईल याचा विचार करत होते. ताटातलं सगळं त्यांनी संपवलं होतं. भाजी तिखट होती की गोडसर, दाण्याचं कूट घातलं होतं की नव्हतं, त्यांनी आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. त्यांना काही आठवेना. प्रतिमाबाई समोर बसून उत्तराची वाट पाहत होत्या.